मधल्या आवाजाची लांब वाट

१९८९ च्या जून महिन्यातली गोष्ट. वेल्सची राजधानी कार्डिफ. दर दोन वर्षांनी इथे जगभरच्या तरुण ऑपेरा गायकांची स्पर्धा भरते आणि बीबीसी ती घराघरांत पोचवते. त्या वर्षीच्या अंतिम फेरीत दोन तरुणांकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. एक होता सैबेरियातून आलेला दिमित्री ह्वोरोस्तॉव्स्की, वय २६. दुसरा उत्तर वेल्समधल्या शेतकऱ्याचा मुलगा ब्रिन टेरवेल, वय २३, लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयातून नुकताच बाहेर पडत असलेला. दोघांचेही आवाज खालच्या पट्टीतले, भरदार. मुख्य पारितोषिक दिमित्रीला मिळाले, तर गीतगायनाचे ब्रिनला. ब्रिटिश वृत्तपत्रांनी या सामन्याला ‘बॅरिटोनांची लढाई’ असे नाव देऊन टाकले आणि ते आजही पुसले गेलेले नाही.

अशा गोष्टी ऐकल्या की आपल्याला वाटते, एका रात्रीत नशीब उघडले! पण त्या रात्रीपर्यंत ही मुले कुठे होती, काय गात होती, हे कोणी विचारत नाही. खरी गोष्ट तिथेच आहे.

दिमित्री येनिसेई नदीकाठच्या क्रास्नोयार्स्कचा. वडील अभियंते, पण गाण्याचे आणि पियानोचे वेडे. आई डॉक्टर. पोरवयात हे चिरंजीव रॉक बँडमध्ये गात असत. नंतर गावातल्याच कला संस्थेत त्यांनी रीतसर शिक्षण घेतले आणि गावातल्याच ऑपेरागृहात ते रंगमंचावर आले. मॉस्को, लेनिनग्राड यांच्यापुढे या नाट्यगृहाला कोण विचारणार? तिथे त्यांच्या वाट्याला पहिली भूमिका आली ती मारुल्लोची. व्हेर्दीच्या १८५१ च्या ‘रिगोलेत्तो’ या ऑपेरात मारुल्लो हा एक दरबारी आहे. चार ओळी गायच्या, बाकीचा वेळ गर्दीत उभे राहायचे. नाव लक्षात राहावे अशी ही भूमिका नाही. तरीही मारुल्लोचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

नायकाच्या वाटेतला माणूस

बॅरिटोन म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहू. पाश्चात्त्य संगीतात पुरुषांचे आवाज ढोबळमानाने तीन प्रकारचे मानतात. उंच चढणारा तो टेनर, अगदी खोल उतरणारा तो बास आणि या दोहोंच्या मधला तो बॅरिटोन. बहुतेक पुरुषांचा आवाज या मधल्या वर्गातच पडतो. म्हणजे स्पर्धा सर्वांत जास्त इथेच!

ऑपेरात नायिका बहुधा टेनरच्या वाट्याला येते. बॅरिटोन असतो तो बाप, भाऊ, मित्र किंवा खलनायक. टेनर आणि सोप्रानो यांचे प्रेम जुळू पाहते आणि बॅरिटोन ते जुळू देत नाही, म्हणजे ऑपेरा, असा एक विनोदच आहे. पण माणसाचे मन उकलून दाखवणाऱ्या कितीतरी भूमिका याच आवाजासाठी लिहिल्या गेल्या. मोत्सार्टचा फिगारो घ्या, डॉन जोव्हान्नी घ्या किंवा मुलीच्या काळजीने पोखरलेला व्हेर्दीचा विदूषक रिगोलेत्तो घ्या.

अडचण अशी की या भूमिका विशीत गाता येत नाहीत. म्हणजे गाता येतात, पण गाऊ नयेत. ऑपेरात ध्वनिक्षेपक नसतो. साठ-सत्तर वाद्यांच्या वर आवाज काढून तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. हे ओरडून होत नाही. स्वीडनचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात यामागचे शास्त्र उलगडून दाखवले. वाद्यवृंदाचा सर्वाधिक जोर असतो सेकंदाला साधारण ५०० कंपनांच्या आसपास. कसलेला गायक कंठाची ठेवण अशी साधतो, की त्याच्या आवाजाला ३००० कंपनांच्या आसपास वेगळीच धार येते. तिथे वाद्ये क्षीण असतात. भिंतीवरून उडी न मारता तिच्या फटीतून निघून जावे, तसा हा आवाज वाद्यांमधून वाट काढतो.

ही धार यायला वर्षे जातात. त्यातही जड आवाज उशिरा पिकतो. बॅरिटोन खऱ्या अर्थाने तयार होतो तो तिशी ओलांडल्यावर, असे जाणकार सांगतात. घाईघाईने मोठी भूमिका अंगावर घेतली तर आवाज फाटतो. आंबा पिकायला अढीत ठेवावा लागतो. दाबून पाहिला की डाग पडतो. प्रश्न एवढाच की महाविद्यालयातून बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलाने आवाज पिकेपर्यंतची ती सात-आठ वर्षे काढायची कुठे आणि खायचे काय?

शाळा काय देते

संगीत महाविद्यालय पुष्कळ देते. तिथे रोज गळ्याची मेहनत होतेच. शिवाय इटालियन, जर्मन आणि फ्रेंच या भाषांचे उच्चार घोटून घेतले जातात. अभिनय, नृत्य, तलवारबाजी शिकवतात. पियानोवर बसून भूमिकेची ओळ न् ओळ पाठ करून घेणारे मार्गदर्शक असतात. वर्षाकाठी विद्यार्थ्यांचे एक-दोन ऑपेरे होतात. पण तिथले प्रेक्षक म्हणजे आईवडील, मित्र आणि गुरुजन. चुकले तरी टाळ्या वाजतात.

ताप अंगात आहे, काल रात्री दोनशे मैल प्रवास झाला आहे, नायिका बदलली आहे आणि तरी साडेसातला पडदा वर जाणार आहे, हे शाळेत शिकवता येत नाही. त्यासाठी लहान कंपनीच लागते.

अमेरिकेच्या शेरिल मिल्न्स यांचे उदाहरण बोलके आहे. इलिनॉयमधल्या शेतावर वाढलेला हा मुलगा ड्रेक विद्यापीठात संगीत शिकला. पोटासाठी त्याने जाहिरातींतली गाणी म्हटली, मोठ्या वाद्यवृंदाच्या समूहगायनात उभा राहिला. १९६० च्या सुमारास तो बोरिस गोल्डोव्स्की यांच्या फिरत्या ऑपेरा कंपनीत दाखल झाला. ही कंपनी बसमधून गावोगाव हिंडायची. आज एक गाव, उद्या दुसरे. आज शाळेचे सभागृह, उद्या एखादे जुने नाट्यगृह. अशी काही वर्षे काढल्यावर २२ डिसेंबर १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात तो प्रथम उभा राहिला. भूमिका होती ‘फाउस्ट’मधल्या व्हॅलेंतिनची. पुढे अमेरिकेचा अग्रगण्य व्हेर्दी-बॅरिटोन म्हणून त्याची ख्याती झाली. त्या बसने जे दिले, ते न्यूयॉर्कने फक्त पाहिले.

जर्मनीत या मधल्या वर्षांची सोय बरी आहे. तिथे सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहे आहेत आणि त्यांतली कित्येक मध्यम शहरांत आहेत. ती तरुण गायकाला महिन्याच्या पगारावर ठेवून घेतात. आज निरोप्या, उद्या मित्र, परवा एखादी मुख्य भूमिका. अमेरिकेचा टॉमस हॅम्पसन असाच १९८१ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या ऑपेरात रुजू झाला आणि तीन वर्षे तिथे राबला. मेट्रोपोलिटन ऑपेरात तो पोचला १९८६ मध्ये.

आणि जिथे पगारही नाही, तिथे तरुण स्वतःच वाट काढतात. २००९ च्या डिसेंबरात लंडनच्या किलबर्न भागातल्या एका दारूच्या गुत्त्यावरच्या चिमुकल्या नाट्यगृहात पुच्चिनीचा ‘ला बोहेम’ सुरू झाला. वाद्यवृंदाऐवजी पियानो, आणि प्रेक्षक हाताच्या अंतरावर! कंपनीचे नाव ऑपेराअपक्लोज. कसेबसे चार दिवस चालेल असे वाटणारा हा प्रयोग महिनोन् महिने चालला आणि २०११ मध्ये त्याने प्रतिष्ठेचे ऑलिव्हिए पारितोषिक पटकावले. ‘ला बोहेम’मधला गरीब चित्रकार मार्चेल्लो बॅरिटोन असतो. थंडीत कुडकुडणारा, भाडे थकलेला. तो गाणाऱ्या तरुणाला ती भूमिका फारशी ‘करावी’ लागत नसणार!

मधल्या पायऱ्या

या सगळ्यात आज एक चिंतेचा सूर आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये इंग्लंडच्या कला मंडळाने अनुदानांची फेरवाटणी केली. लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेराला नियमित अनुदानाच्या यादीतून वगळले गेले. ग्लाइंडबर्नचे अनुदान निम्मे झाले. या संस्थेचा उन्हाळी महोत्सव श्रीमंतांचा म्हणून ओळखला जातो. तो चालूच राहिला. बंद पडला तो शरद ऋतूतला दौरा. १९६८ पासून हा दौरा लहान शहरांत ऑपेरा नेत होता आणि तरुण गायकांना त्यात मोठ्या भूमिका मिळत होत्या. वेल्श नॅशनल ऑपेराचेही अनुदान घटले आणि दौऱ्यांतली गावे कमी झाली.

हे असेच होते. घराचा खर्च कमी करायचा म्हटले की दिवाणखान्याला कोणी हात लावत नाही. आधी मुलांच्या शिकवण्या बंद होतात. राजधानीतले भव्य ऑपेरागृह झळकत राहते. तिथवर चढवणाऱ्या मधल्या पायऱ्या मात्र काढून घेतल्या जातात. याचा परिणाम आज दिसणार नाही. पंधरा वर्षांनी एखादा रिगोलेत्तो हवा असेल आणि तो सापडणार नाही, तेव्हा लक्षात येईल. आणि त्या दरम्यान टिकून कोण राहील? ज्याच्या घरी पैसा आहे तो! शेतकऱ्याचा मुलगा शिक्षक होईल, बँकेत लागेल आणि रविवारी चर्चमध्ये गाईल.

मराठी माणसाला ही गोष्ट नवखी वाटू नये. १८८० मध्ये किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्यानंतरची निदान दोन पिढ्यांची गायक नटमंडळी घडली ती फिरत्या नाटक मंडळ्यांतच. बिऱ्हाड पाठीवर, मुक्काम बदलता, आणि ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला पद ऐकू गेलेच पाहिजे. मंडळ्या मोडल्या, तेव्हा नाटकांच्या संहिता राहिल्या, चालीही राहिल्या. गेली ती माणसे घडवणारी जागा.

मुंबईचे ‘रॉयल ऑपेरा हाऊस’ याचे साक्षीदार आहे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या वास्तूत पुढे बालगंधर्वांचेही सूर घुमले. १९९३ मध्ये ती बंद पडली. २०१६ च्या ऑक्टोबरात तिचे दार पुन्हा उघडले, ते मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या गायनाने. रोझारिओ यांनी २००९ पासून ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ या उपक्रमातून इथल्या मुलामुलींना शिकवायला सुरुवात केली. एनसीपीएने २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना केली आणि काही ऑपेरे मोठ्या दिमाखात सादरही केले. म्हणजे आता आपल्याकडे या गाण्याला गुरू आहे, वाद्यवृंद आहे, नाट्यगृह आहे. पण वर्षातून शंभर रात्री गायला लावणारी कंपनी नाही. वांद्र्याच्या किंवा मडगावच्या एखाद्या मुलाचा आवाज बॅरिटोन निघाला, तर त्याला विमान पकडण्याखेरीज गत्यंतर नाही. आपल्याकडे क्रास्नोयार्स्क नाही.

मारुल्लो

त्या दोघांचे पुढे काय झाले? कार्डिफ जिंकल्या-हरल्यावर ब्रिन टेरवेलने १९९० मध्ये त्याच शहरातल्या वेल्श नॅशनल ऑपेरात पदार्पण केले, मोत्सार्टच्या ‘कोसी फान तुत्ते’मधल्या तरुण गुल्येल्मोच्या भूमिकेत. वाग्नरचा अवाढव्य वोटान त्याने रंगमंचावर गायला तो २००४ मध्ये, चौदा वर्षांनी. आणि २०१० मध्ये हान्स झाक्स हा शहाणासुरता चांभार-कवी त्याला प्रथमच साकारायचा होता, तेव्हा जगातले कोणतेही ऑपेरागृह त्याला मिळाले असते. त्याने निवडले कार्डिफ, आपली पहिली कंपनी.

दिमित्रीला एवढे आयुष्य मिळाले नाही. २०१५ मध्ये मेंदूतल्या गाठीचे निदान झाले. ७ मे २०१७ रोजी मेट्रोपोलिटन ऑपेराच्या नव्या वास्तूला पन्नास वर्षे झाल्याचा सोहळा होता. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे नाव नव्हते. अचानक ते रंगमंचावर आले आणि सारे सभागृह उभे राहिले. त्यांनी गायला रिगोलेत्तोचा दरबाऱ्यांपुढचा आक्रोश. त्या प्रसंगात मुलीला पळवून नेणाऱ्या दरबाऱ्यांवर रिगोलेत्तो आधी चवताळून धावतो. मग त्याचे बळ सरते, तो रडू लागतो आणि त्या गर्दीतल्या एका माणसाला नावाने हाक मारून दयेची भीक मागतो. तो माणूस म्हणजे मारुल्लो.

सैबेरियातल्या रंगमंचावर ज्या गर्दीत हा मुलगा कधी काळी उभा होता, त्याच गर्दीला आता तो साकडे घालत होता. पुढच्याच महिन्यात, दुखावलेल्या खांद्याने, ते क्रास्नोयार्स्कला जाऊन आपल्या माणसांपुढे गायले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी, ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मारुल्लोपासून रिगोलेत्तोपर्यंत रंगमंचावरचे अंतर चार पावलांचे. ते तोडायला एका गायकाचा सगळा जन्म लागतो आणि ते पहिले पाऊल टाकायला गावात एक लहानसे नाट्यगृह लागते.