जुनी गाडी, चालती गाडी – भाग ९ : एसी काढा, पण हीटर राहू द्या

मागच्या आठवड्यात वॉटर पंप झाला. आज त्याच पाण्याची धाकटी वाट, म्हणजे इंजिनकडून डॅशबोर्डमागे जाऊन परत येणारे हीटरचे दोन होज पाइप. जुन्या गाडीतला मेलेला एसी काढायला घेतला की यांच्यावर हमखास गदा येते.

माझी मारुती ८०० ही १९९७ची, कार्ब्युरेटरवाली. तिच्या एसीचा क्लच जळालेला, गॅस केव्हाच उडालेला. तीन वर्षं तो कॉम्प्रेसर नुसता ओझं म्हणून फिरत होता. शिवाय रेडिएटरच्या पुढ्यात कंडेन्सर, त्याच्या जाळीत चिखल आणि किडे. घाटात काटा वर चढायचा तो त्यामुळेच. काढायचं ठरलं, तेव्हा मेकॅनिक म्हणाला, “मग हीटरपण बायपास मारून टाकतो साहेब. पुण्यात कुणाला लागतो हीटर?”

लागतो. थंडीत नाही, पावसात लागतो.

जुलैत ताम्हिणीतून चार माणसं घेऊन खाली उतरताना समोरची काच आतून पांढरी होते. एसी असता तर त्याने हवेतली वाफ शोषून घेतली असती. तो नसेल तर काच साफ ठेवायचा एकच खात्रीचा मार्ग उरतो, तो म्हणजे बाहेरची हवा गरम करून काचेवर सोडणं. २५ अंशांची पूर्ण दमट हवा ४० अंशांपर्यंत तापवली की तिच्यात वाफ तेवढीच राहते, पण सापेक्ष आर्द्रता निम्म्याच्याही खाली येते. अशी हवा काचेवरचं धुकं पिऊन टाकते. फडक्याने काच पुसत एका हाताने गाडी चालवणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं. घाट चढताना इंजिन तापलं, तर हीटर पूर्ण उघडून काचा खाली करायच्या. उकडतं भयंकर, पण इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाते. म्हणजे हीटर हा धाकटा रेडिएटरच.

आता कामाकडे. एसीत गॅस शिल्लक असेल तर नट सैल करायचा नाही, हे पहिलं. गाडी सावलीत बंद उभी असली तरी ३० अंशांना आतला दाब शंभर पौंडांच्या घरात असतो, टायरच्या तिपटीहून जास्त. अंगावर उडाला तर कातडी गोठते. आणि आर-१२ हा जुना गॅस ओझोनचा वैरी. १९८७च्या माँट्रियल करारात ज्यांच्यावर बंधनं आली त्यातला तो एक. नंतरचा आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्यात तोही कमी नाही. एसीवाल्याकडे गॅस ओढून घ्यायचं मशीन असतं. त्याच्याकडे गाडी न्यावी, ‘हवेत सोडून देऊ’ म्हणणाऱ्याकडे नको.

कॉम्प्रेसर, त्याचा ब्रॅकेट, पट्टा, कंडेन्सर ही मंडळी सरळ नटबोल्ट सोडून निघतात. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. कार्ब्युरेटरच्या गाडीत एसी लावल्यावर इंजिन बंद पडू नये म्हणून आयडल वाढवणारी व्हॅक्यूमची नळी असते. ती तशीच उघडी टाकली की इंजिन हवा ओढतं आणि आयडलला थरथरतं. तिला घट्ट रबरी टोपी घालायची.

ग्लोव्ह बॉक्स काढला की डावीकडे ब्लोअर, मध्ये एसीचा गारव्याचा डबा आणि पलीकडे हीटर, अशी रांग दिसते. मधला डबा नुसता काढून टाकलात तर ब्लोअरची हवा डॅशबोर्डमागेच विरते. बिनएसी गाडीत त्या जागी प्लास्टिकचा पोकळ डक्ट असतो. भंगारवाल्याकडे तो मागायचा. फायरवॉलमधली एसीच्या पाइपांची भोकं रबरी ग्रॉमेटने बुजवायची. नाहीतर इंजिनचा धूर आणि पार्किंगमधले उंदीर, दोघांनाही आत यायला वाट मिळते.

आता खरं काम. माझ्या गाडीत हीटरचे होज एसीच्या पाइपांना वळसा घालून, त्यांनाच बांधलेले होते. एसी निघाल्यावर ते लोंबायला लागले. इंजिन गार असताना पाणी काढून घ्या. जुना होज पिळून ओढायचा नाही, कारण हीटरची नळी पातळ असते, ती मुरगळते. ब्लेडने होजला उभी चीर द्यायची, म्हणजे तो सालासारखा सुटतो. नवी वाट आधी सुतळीने आखली. एक्झॉस्टपासून दूर, पट्ट्यापासून दूर, आणि कुठेही होज चपटा होणार नाही असं वळण. रेसला इंजिन हलतं, म्हणून सुतळीपेक्षा दोन बोटं जास्त लांबी ठेवली. होज कूलंटचाच घ्यायचा, आत दोऱ्याची वीण असलेला. पेट्रोलचा पाइप किंवा पाण्याची पारदर्शक नळी गरम कूलंटला टिकत नाही.

हीटरच गळत असेल आणि नवा मिळत नसेल, तर बायपास करावा लागतो, मान्य. पण मग दोन्ही तोंडं एका यू पाइपने जोडा, बुचं मारू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना गरम पाणी याच वाटेने फिरतं. ती बुजवली की थर्मोस्टॅटला खबर उशिरा लागते.

भरताना गाडीचं नाक चढावर, हीटरचा खटका पूर्ण गरमवर, रेडिएटरचं झाकण उघडं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, सावकाश. मग इंजिन चालू करून बुडबुडे थांबेपर्यंत भर घालत राहायचं. दोन्ही होज हाताला सारखे गरम लागले की समजायचं, आत हवा अडकलेली नाही.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला. सकाळी त्यावर दोन हिरवे ठिपके होते, फायरवॉलकडच्या क्लिपच्या बरोबर खाली. क्लिप अर्धा फेरा आवळली. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा होता.