पाच लाखांचं कार्ड खिशात, तरी परळला पैसे का लागतात? सरकारी आरोग्य विम्याचा वाद सोप्या भाषेत

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर रिपोर्ट बघतात आणि म्हणतात, "मुंबईला न्या." मुंबईला म्हणजे बहुतेक वेळा परळला. केईएम, टाटा आणि लहान मुलांसाठीचं वाडिया ही तिन्ही रुग्णालयं तिथं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. रात्रीच्या गाडीने निघालेलं कुटुंब पहाटे दादरला उतरतं. पिशवीत रेशनकार्ड, आधार, आयुष्मान कार्ड आणि गावातल्या कुणा पुढाऱ्याने दिलेलं पत्र असतं. कार्डावर पाच लाखांचा उपचार मोफत, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तरीही चार-पाच दिवसांत घरून आणलेले पैसे संपतात आणि गावाकडे फोन जातो, "अजून थोडे पाठव."

यात दरवेळी कुणी फसवलेलंच असतं असं नाही. बऱ्याचदा कार्ड कशासाठी आहे, हेच नीट सांगितलेलं नसतं. पाच लाख हा आकडा भाषणात येतो, बॅनरवर येतो. कार्डात काय बसत नाही, ते कुठल्याच बॅनरवर नसतं.

कार्डावरचे पाच लाख म्हणजे बँकेत ठेवलेली रक्कम नाही. कुटुंबातल्या सगळ्यांना मिळून वर्षाला एवढ्या खर्चापर्यंतचे, ठरलेल्या यादीतले उपचार, योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यावर मिळतील, एवढाच त्याचा अर्थ. सुरुवातीला या यादीत ९७१ उपचार होते. पुढे ते १३५६ झाले, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने यादी २३९९ पर्यंत वाढवायला मंजुरी दिली. प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो. रुग्ण भरती झाला की आरोग्यमित्र कागद घेतो, रुग्णालय ऑनलाइन मंजुरी मागतं, उपचार होतो, आणि पैसे सरकारकडून किंवा विमा कंपनीकडून थेट रुग्णालयाला जातात. रुग्णाच्या हातात एक रुपयाही येत नाही, आणि त्याने एक रुपयाही द्यायचा नसतो.

या ठरलेल्या दरात खाट, ऑपरेशन, भूल, आयसीयू, रक्त, ऑक्सिजन, तपासण्या, औषधं, रुग्णाचं जेवण आणि डिस्चार्जनंतरची काही दिवसांची औषधं येतात. योजनेच्या नियमांत डिस्चार्जनंतर घरी जायचं एकवेळचं एसटीचं किंवा रेल्वेच्या सेकंड क्लासचं भाडंही धरलेलं आहे. हे फार कमी लोकांना माहीत असतं, त्यामुळे ते मागणारेही कमीच.

मग पैसे जातात कुठे? भरती होण्याआधी आणि घरी आल्यानंतर. नेमका आजार काय आहे हे कळेपर्यंत ओपीडीच्या फेऱ्या, सोनोग्राफी, एमआरआय, गाठीचा तुकडा तपासणं, हे सगळं होतं. रुग्ण अजून भरतीच नसेल तर योजनेची मंजुरी तरी कशावर मिळणार? सरकारी रुग्णालयात या तपासण्या स्वस्तात होतात, पण तारीख लांबची मिळते. तारीख लांबली की मुक्काम लांबतो, नाहीतर बाहेरच्या सेंटरवर पैसे मोजावे लागतात. शुगर, बीपी, फिट यांची रोजची गोळी कार्डात नाही. सोबत आलेल्या माणसाचं जेवण नाही, त्याची बुडालेली मजुरी नाही, परळमधली राहण्याची सोयही नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्यासारख्या संस्था आहेत म्हणून कॅन्सरच्या शेकडो कुटुंबांचं निभावतं. तिथं जागा मिळाली नाही की फूटपाथ.

नाव बदलत गेलं

महाराष्ट्रात १९९७ मध्ये युती सरकारच्या काळात जीवनदायी योजना आली. ती दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी आणि मोजक्या मोठ्या आजारांसाठी होती. काँग्रेस आघाडीच्या सरकारने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड आणि मुंबईचे दोन्ही जिल्हे असे ते आठ. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. मर्यादा दीड लाख होती. हा नमुना आंध्र प्रदेशच्या २००७ च्या आरोग्यश्री योजनेसारखा होता. २०१७ मध्ये भाजप-सेना सरकारने तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव दिलं. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आली, आणि २०२० पासून दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या.

मोठा बदल झाला तो २०२३ मध्ये. शिंदे सरकारच्या मंत्रिमंडळाने मर्यादा पाच लाख केली आणि पिवळं, केशरी, पांढरं असा रेशनकार्डाचा भेद काढून टाकला. अंमल १ जुलै २०२४ पासून झाला. तोवर पांढऱ्या कार्डाला जागा होती ती मुख्यतः आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांपुरती. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, केंद्राचं वेगळं कार्ड मिळू लागलं.

म्हणजे एकाही पक्षाने विम्याचा रस्ता सोडलेला नाही. भांडण होतं ते श्रेय कुणाचं, नाव कुणाचं आणि फोटो कुणाचा यावर. खरा वाद दुसराच आहे, आणि तो सभांमध्ये कमी ऐकू येतो. सरकारचा पैसा कार्डावर जावा की रुग्णालयावर?

कार्ड की रुग्णालय

कार्डाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं बिनबुडाचं नाही. सरकारी रुग्णालय बांधायला वर्षं जातात, डॉक्टर तालुक्याला यायला तयार नसतात, रुग्ण मात्र आज आजारी आहे. खासगी रुग्णालयात खाट तयार आहे, तर सरकारने तिचे पैसे भरावेत. गरिबालाही चांगल्या रुग्णालयाची दारं उघडतात. अँजिओप्लास्टी किंवा डायलिसिस या योजनेतून झालेलं एक तरी घर आज बहुतेक गावांत सापडेल. त्यांच्यासाठी हा वाद पुस्तकी आहे.

दुसरी बाजू म्हणते, कार्ड तिथंच चालतं जिथं रुग्णालय आहे. मोठी खासगी रुग्णालयं मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत. डोंगराळ तालुक्यात योजनेतलं जवळचं रुग्णालय दोन-तीन तासांवर असेल, तर कार्डावरच्या पाच लाखांचा उपयोग काय? शिवाय खासगी रुग्णालयांची तक्रार कायमची आहे, की दर परवडत नाहीत आणि बिलं अडकतात. मग "योजनेची खाट शिल्लक नाही" किंवा "हा आजार यादीत नाही" असं उत्तर काउंटरवर मिळतं, आणि खरं-खोटं करायला नातेवाइकांकडे वेळ नसतो. कारभारातही भोकं आहेत. आयुष्मान योजनेवरच्या २०२३ च्या अहवालात कॅगने दाखवून दिलं, की सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल नंबरवर नोंदवलेले होते.

खर्चाचे आकडे दोघांनाही थोडं-थोडं बरोबर ठरवतात. देशात आरोग्यावर होणाऱ्या दर शंभर रुपयांपैकी लोकांच्या खिशातून २०१३-१४ मध्ये ६४ रुपये जात होते. २०२१-२२ मध्ये ते ३९ वर आले. घट मोठी आहे. पण ३९ रुपये अजूनही जातातच, आणि त्यातला मोठा भाग औषधांचा आणि ओपीडीचा, म्हणजे कार्डाबाहेरचा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये तो दोन टक्क्यांनाही पोचला नव्हता.

हे दोन्ही रस्ते परळ-लालबागने पूर्वीच चालून पाहिले आहेत. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली. गिरणी कामगाराच्या पगारातून थोडी वर्गणी, मालकाची थोडी, आणि त्यातून कामगाराच्या कुटुंबाला उपचार. परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय याच योजनेचं. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तोवर हा विमा चालला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बऱ्याच गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. या विम्याचा नियम असा, की पगार थांबला की वर्गणी थांबते, आणि काही काळाने हक्कही संपतो. घरात सर्वांत जास्त गरज होती तेव्हाच विमा हातून गेला. कोकणातून, साताऱ्यातून, सोलापुरातून आलेल्या त्या माणसांना मग उरलं ते पायाखालचं केईएम.

केईएम १९२६ चं, महापालिकेचं. शेजारच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजला देणगी देणाऱ्यांची अट होती, की इथं नेमणुका भारतीयांच्याच व्हाव्यात. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, हे ध्यानात घेतलं की त्या अटीचं वजन कळतं. आज तिथं सुमारे १८०० खाटा आहेत आणि वर्षाला अंदाजे १८ लाख रुग्ण ओपीडीत येतात. केस पेपर काढताना कुणी कार्ड आहे का विचारून परत पाठवत नाही. कार्ड असेल तर योजनेचे पैसे रुग्णालयाला मिळतात, नसेल तरी उपचार होतो. पण गर्दी इतकी की जमिनीवर गादी मिळाली तरी नशीब म्हणायचं. औषध बाहेरून आणायची चिठ्ठी मिळते ती वेगळीच. ती बंद करण्याच्या घोषणा झाल्या आहेत.

गावाकडच्या माणसाने लक्ष ठेवावं अशी एक गोष्ट इथंच आहे. हे रुग्णालय मुंबईकरांच्या करावर चालतं आणि रुग्णांमधला मोठा हिस्सा बाहेरून येतो. त्यामुळे मुंबईबाहेरच्या रुग्णांकडून वेगळं शुल्क घ्यावं, असा विचार महापालिकेत पुढे आला आणि त्याच्या बातम्याही झाल्या. मुंबईकराचा मुद्दा समजण्यासारखा आहे. पण बाहेरचा रुग्ण हौसेने परळला येत नाही. त्याच्या जिल्ह्यात न्यूरोसर्जन नाही म्हणून येतो. त्याचा जिल्हा सरकार सुधारत नाही आणि मुंबई त्याच्याकडून जादा पैसे मागते, असं झालं तर तो दोन्हीकडून मरतो.

बाहेर काय चालतं? ब्रिटनने १९४८ मध्ये करातून चालणारी सरकारी सेवा उभी केली, तिथं डॉक्टरकडे जायला कार्डाची मर्यादा बघावी लागत नाही. रांगा मात्र तिथंही आहेत. तमिळनाडूत विमा आहेच, पण १९९४ पासून औषधखरेदीचं वेगळं महामंडळही आहे, आणि सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळण्यासाठी ते राज्य नावाजलं जातं. महाराष्ट्राने तसं खरेदी प्राधिकरण कायद्याने केलं ते २०२३ मध्ये. त्याच वर्षी राजस्थानने आरोग्याचा हक्क देणारा कायदा केला. तातडीच्या वेळी पैसे आधी मागायचे नाहीत, ही त्यातली तरतूद. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, सरकारला तडजोड करावी लागली, पण कायदा झाला. आपल्याकडे अजून "साहेबांचं पत्र" चालतं. पत्राने काम होतं हे खरं, पण ज्याच्याकडे पत्र नाही त्याचं काय, हा प्रश्न पत्र देणाऱ्याला कुणी विचारत नाही.

गाडीत बसण्याआधी

रेशनकार्डात रुग्णाचं नाव आहे का आणि ते आधारवरच्या नावाशी जुळतं का, हे गावातच बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे आणि रेशनकार्डात नावच न चढवलेल्या लहान मुलांचे कागद इथंच अडकतात. जायचं ते रुग्णालय योजनेत आहे का आणि *त्या आजारासाठी* आहे का, हे १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री नंबरवर विचारा. आयुष्मानसाठी १४५५५. तातडीची वेळ असेल तर थांबू नका, मंजुरी फोनवर घेता येते आणि कागद नंतर देता येतात. रुग्णालयात आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधा. योजनेत भरती असताना कुणी डिपॉझिट मागितलं, तर पावती घ्या आणि त्याच नंबरवर तक्रार करा. योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीचं कार्यालय वरळीला आहे.

आजार यादीत नसेल तर आणखी एक दार आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. गिरगाव, चर्नी रोडच्या काचेच्या इमारती बघून माणूस आत जायला बिचकतो, पण हा नियम तिथल्या ट्रस्टच्या रुग्णालयांनाही लागू आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत असू द्या, तो गावाहून मागवण्यातच चार दिवस जातात. पैसे तरीही कमी पडले तर मुख्यमंत्री सहायता निधी आहे, प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाकडेही अर्ज करता येतो. लालबागच्या राजाचं मंडळ डायलिसिस केंद्र चालवतं. अर्ज करताना रुग्णालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, ते डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी मागून ठेवा.