स्पीडस्टर मोटारगाडी : छायाचित्रावरून ओळख

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत, मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, प्रचारात असलेली हलकी, उघडी व बहुधा दोन आसनी मोटारगाडी. तिला छत नसे आणि दरवाजेही सहसा नसत. मर्सर रेसअबाउट व स्टट्झ बेअरकॅट या या वर्गातील प्रसिद्ध गाड्या कारखान्यातच तयार होत. तथापि पुष्कळ स्पीडस्टर गाड्या सामान्य गाडीची मूळ बॉडी उतरवून व तिच्या सांगाड्यावर (चासीवर) नवी बॉडी बसवून तयार केलेल्या असत. फोर्ड कंपनीची मॉडेल टी (१९०८–२७) ही स्वस्त गाडी दीड कोटीहून अधिक संख्येने निर्माण झाल्याने या कामी तिचाच उपयोग विशेष झाला. अशा बॉड्या ओवेन्झबरो (केंटकी) येथील एम्स, लुईव्हिल येथील मर्क्युरी, इंडियानापोलिस येथील मॉर्टन अँड ब्रेट इ. उत्पादक पुरवीत. याखेरीज लोहार, सुतार व हौशी तरुण यांनी घरगुती रीतीने केलेल्या बॉड्याही पुष्कळ होत्या. यांतील बहुतेक नष्ट झाल्या असून अनेकींचा एकमेव पुरावा म्हणजे जुने छायाचित्र होय.

सांगाड्याची ओळख : बॉडी फसवी असू शकते, म्हणून प्रथम सांगाडा ओळखावा. मॉडेल टीमध्ये पुढे व मागे प्रत्येकी एकच पट्ट्यांची कमान आडवी, म्हणजे आसाला समांतर, बसविलेली असते. तिच्या पुढील व मागील आसांतील अंतर १०० इंच (२५४ सेंमी.) असून फुगीर टायर येण्यापूर्वी, म्हणजे सु. १९२५ पर्यंत, टायरचा बाह्य व्यास ३० इंच (सु. ७६ सेंमी.) असे. म्हणून गाडीच्या बाजूने घेतलेल्या छायाचित्रात हे अंतर चाकाच्या व्यासाच्या सु. ३·३ पट भरते. शेव्हरोले ४९० या गाडीत आसांतील अंतर १०२ इंच असल्याने केवळ मापावरून दोहोंतील भेद ठरत नाही. मात्र तिच्या कमानी सांगाड्याच्या लांबीच्या दिशेने बसविलेल्या असल्याने निर्णय करता येतो. छायाचित्र तिरपे घेतले असल्यास यथादर्शनामुळे हे गुणोत्तर कमी भरते, हे लक्षात ठेवावे लागते.

बॉडीची ओळख : शेपटीचा आकार (नावेसारखी निमुळती, गोलाकार किंवा मुळीच नसलेली), बॉनेटवरील फटींची संख्या व मांडणी, चालकापुढील पत्र्याचा उतार आणि आसनाचा काठ यांची तुलना उत्पादकांच्या सूचिपत्रांतील चित्रांशी करतात. आसनामागील आडवी नळकांडी टाकी घरगुती गाड्यांत अनेकदा आढळते. पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने कार्ब्युरेटरपर्यंत यावयाचे असल्याने ती उंचावर ठेवीत. चालकापुढील एकच गोल काच, तारांची चाके, टोकदार रेडिएटर-आवरण इ. वस्तू सुट्याही विकत मिळत. त्यामुळे त्यांच्यावरून बॉडीचा उत्पादक ठरत नाही.

कालनिश्चिती : मॉडेल टीचा पितळी रेडिएटर १९१६ च्या नमुन्यापर्यंत असून १९१७ च्या नमुन्यापासून त्याला काळे आवरण आले. फोर्डने तारांची चाके १९२६ पासून दिली; त्याआधीची चाके इतर उत्पादकांची होत. जुन्या सांगाड्यावर नवे भाग बसविले जात असल्याने छायाचित्रातील सर्वांत नवा भाग हाच निर्णायक असतो : छायाचित्र त्याच्या निर्मितीपूर्वीचे असू शकत नाही. याउलट जुन्या भागावरून गाडी त्या काळातच बांधली, असे म्हणता येत नाही. अनेक राज्यांच्या क्रमांकपट्टीवर वर्ष छापलेले असे व ते स्पष्ट वाचता आल्यास सर्वांत विश्वसनीय ठरते.

छायाचित्रजन्य दोष : त्या काळी प्रचलित असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक पायसाला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे, म्हणून तांबडी गाडी काळी व निळी गाडी फिकट उमटते. फटीच्या शटरने टिपलेल्या वेगवान गाडीची चाके लंबवर्तुळाकार व कललेली दिसतात आणि अशा चित्रावरून मापे घेणे निरर्थक होय. मॉडेल टीचे सुकाणूचक्र सहसा डावीकडे असते. ते उजवीकडे दिसल्यास निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे का, हे पट्टीवरील अंकांवरून तपासावे.

मर्यादा : आज अस्तित्वात असलेल्या पुष्कळ स्पीडस्टर अलीकडे जुन्या सांगाड्यांवर बांधलेल्या आहेत. मॉडेल टीचा क्रमांक एंजिनाच्या ठोकळ्यावर कोरलेला असतो व तो छायाचित्रात सहसा दिसत नाही. त्यामुळे छायाचित्रातील गाडी व समोरची गाडी एकाच घडणीच्या आहेत, एवढेच साम्यावरून सिद्ध होते; त्या एकच आहेत, हे सिद्ध होण्यास पत्र्यावरील विशिष्ट पोचा, डागडुजी किंवा मालकीची अखंड कागदपत्रे लागतात. म्हणून निष्कर्ष मांडताना निश्चित, संभाव्य व केवळ शक्य असा भेद स्पष्ट करणे आवश्यक ठरते.