हाताची चुणचुण आणि तेलातले आम्ल

मेहरूणमधल्या एखाद्या घरी सकाळचे धुणे आटोपते. घरची बाई हात पुसता पुसता म्हणते, “या नव्या साबणानं हाताची नुसती आग होते बाई!” शेजारीण म्हणते, “असं कसं? त्यात तर खोबरेल आहे म्हणतात. खोबरेल का कुणाला बाधतं?” आता यात खरे कुणाचे? वाचकहो, दोघींचेही खरे आहे. खोबरेल सहसा बाधत नाही. पण त्याच खोबरेलातून निघालेले एक आम्ल कातडीला चांगलेच झोंबू शकते. हे कोडे प्रयोगशाळेने कसे सोडवले, ते आज पाहू.

आधी तेल म्हणजे काय ते समजून घेऊ. एका खुंट्याला तीन गुरे बांधावी, तशी तेलाच्या प्रत्येक कणाची रचना असते. खुंटा म्हणजे ग्लिसरीन आणि गुरे म्हणजे मेदाम्ले. आम्ल म्हटले की आपल्याला आंबट चव आठवते. मेहरूणच्या बोरातला आंबटपणा आम्लाचाच. पण ते आम्ल पाण्यात विरघळणारे. मेदाम्लाला कार्बनच्या कड्यांची लांब साखळी असते, म्हणून ते पाण्यापेक्षा तेलातुपात अधिक रमते. खोबरेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याच्या साखळीत १२ कड्या. भुईमुगाच्या आणि सरकीच्या तेलात १८ कड्यांची ओलेइक आणि लिनोलेइक ही आम्ले पुष्कळ असतात.

गुरे खुंट्याला आहेत तोवर पिकाला भय नाही. दाणे ओलसर राहिले, सरकी साठवणीत तापली, की दावी तुटतात आणि आम्ले मोकळी होतात. तेलाचा ‘एफएफए’ वाढला असे व्यापारी म्हणतात, ते हेच. तेल शुद्ध करताना कॉस्टिक सोडा घालून ही मोकाट आम्ले गाळाच्या रूपाने वेगळी काढतात, आणि तो गाळ साबणाच्या कामी येतो. म्हणून जिथे तेलाचा धंदा, तिथे साबणाचाही जोडधंदा उभा राहतो. आपल्याच जिल्ह्यात अमळनेर येथे १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली. तिथे वनस्पती तूप होई आणि जोडीला ‘७८७’ नावाचा कपड्यांचा साबणही निघे. हीच कंपनी पुढे ‘विप्रो’ म्हणून जगाला ठाऊक झाली.

आता मुख्य प्रश्न. मोकळे आम्ल कातडीला झोंबते की नाही, हे ठरवायचे कसे? नुसते सूत्र पाहून ते कळत नाही. कातडीलाच विचारावे लागते.

विचारण्याची एक रीत जुनी आहे. १८९५ साली योसेफ याडासोन या त्वचावैद्याने औषधाची पट्टी कातडीवर बांधून पाहण्याची पद्धत मांडली. ती होती वावडे ओळखण्यासाठी. वावडे आणि दाह यांत फरक आहे, तो ध्यानात ठेवा. वावडे एखाद्यालाच असते, आणि मग थोडक्या वस्तूनेही अंग उठते. दाह मात्र वस्तू पुरेशी तीव्र असली आणि पुरेसा वेळ टिकली, तर कुणालाही होऊ शकतो. तीच पट्टी पुढे दाह मोजण्यासाठीही वापरात आली. वस्तूचे ठरलेले प्रमाण पट्टीखाली ठेवायचे, शेजारी नुसत्या पाण्याची पट्टी लावायची, आणि ठरल्या वेळी दोन्ही जागांची लाली ताडून पाहायची. शेजारची साधी पट्टी नसेल, तर लाली वस्तूची की बांधण्याची, हे सांगता येत नाही.

१९७५ साली स्टिलमन, माइबाख आणि शालिटा या अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या लांबीची मेदाम्ले माणसांच्या कातडीवर अशीच तपासली. सर्वांत जास्त दाह करणारी निघाली ती ८ ते १२ कड्यांची. खोबरेलातले लॉरिक आम्ल त्यातलेच. असे का व्हावे? फार आखूड साखळीचे आम्ल पाण्यात राहते, कातडीच्या स्निग्ध थरात नीट शिरत नाही. फार लांब, सरळ साखळीचे आम्ल मेणासारखे घट्ट होऊन वरच बसते. १८ कड्यांचे स्टिअरिक आम्ल तर ‘स्नो’सारख्या मलमात मुद्दाम घालतात. मधल्या लांबीचे आम्ल मात्र आत शिरते आणि तिथली घडी विस्कटते. पण कड्या मोजल्या म्हणजे काम संपले असेही नाही. ओलेइक आम्लाच्या साखळीत वाक आहे. तेही त्या थरात शिरून त्याला सैल करते. म्हणूनच अंदाज बांधून चालत नाही, तपासणी लागते.

ही तपासणी मुक्या जनावरांनीही पुष्कळ सोसली. १९४४ साली अमेरिकेतल्या ड्रेझ या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सशाच्या भादरलेल्या कातडीवर वस्तू लावून लाली आणि सूज यांना गुण देण्याची रीत प्रसिद्ध केली. ती जगभर पसरली. पण सशाची कातडी म्हणजे माणसाची नव्हे. शिवाय साबण-पावडरीसाठी जिवाला असे छळावे का, हा प्रश्न होताच. भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्या प्राण्यांवर करण्यास बंदी घातली.

मग आता विचारायचे कुणाला? माणसाच्या कातडीच्या पेशींपासून प्रयोगशाळेत चिमुकल्या चकत्या वाढवतात. त्यांचा वरचा थर खऱ्या कातडीसारखा तयार होतो. २०१० साली या चाचणीचे आंतरराष्ट्रीय नियम ठरले. वस्तू चकतीवर ठरलेला वेळ ठेवतात, धुऊन टाकतात, आणि ४२ तासांनी एक पिवळे रंगद्रव्य घालतात. पेशी जिवंत असतील तर ते जांभळे होते. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जगल्या, तर वस्तू दाहक ठरते. इथेही एका चकतीवर निरुपद्रवी द्रावण आणि दुसरीवर ठाऊक असलेले दाहक द्रव्य ठेवतात, म्हणजे निकाल ताडून पाहता येतो.

तुम्ही म्हणाल, “हे ठीक, पण आमच्या हाताचं काय?” साबणात मेदाम्ले ग्लिसरीनच्या खुंट्यावरून सोडून सोड्याच्या दाव्याला बांधलेली असतात. पाण्यात हे दावे थोडे सैल होते. त्यातून साबणाचे पाणी अल्कधर्मी आणि कातडी किंचित आम्लधर्मी. दोघांचे फारसे जमत नाही. साबणाच्या वेष्टनावर ‘टीएफएम’चा आकडा असतो. तो एकूण स्निग्ध द्रव्य किती ते सांगतो. भारतीय मानकाप्रमाणे अंगाच्या साबणात पहिल्या प्रतीला किमान ७६, दुसऱ्या प्रतीला ७० आणि तिसऱ्या प्रतीला ६० टक्के लागते. आकडा जरूर पाहा. पण तो किती हे सांगतो, कोणते हे सांगत नाही.

घरी केलेल्या साबणात दोष बहुधा तेलाचा नसतो, उरलेल्या कॉस्टिकचा असतो. म्हणून वड्या तीन-चार आठवडे मुरू द्याव्या. गुरुजींनी वर्गात हे दाखवावे: साबणाचा कीस पाण्यात नव्हे, शुद्ध अल्कोहोलात विरघळवावा, जवळ दिवा ठेवू नये, आणि फेनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकावा. गुलाबी रंग आला तर कॉस्टिक मोकळे आहे. पाण्यात चांगला साबणही गुलाबी रंग देतो, म्हणून पाणी चालत नाही. मुलांच्या अंगावर मात्र कोणताही प्रयोग करू नये.

नवा साबण वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा फेस लावून लगेच धुवावा आणि दुसऱ्या दिवशी ती जागा पाहावी. पट्टी बांधून ठेवू नये. धुऊन टाकायची वस्तू कोंडली तर चांगलीही झोंबते. हाताला भेगा पडल्या असतील, तर डॉक्टरांना दाखवावे.

मेहरूणच्या त्या बाईने हाताची आग होते म्हटले, ते नुसते कुरकुरणे नव्हते. प्रयोगशाळाही याच तक्रारीपासून कामाला लागते. फरक एवढाच, की ती शेजारी साधी पट्टी ठेवून तक्रार मोजते. तेव्हा घरात कुणी अशी तक्रार केली, तर ‘खोबरेल आहे, बाधणार नाही’ म्हणून ती मोडीत काढू नका. साबण बदलून पाहा, आणि हात काय सांगतात ते ऐका.