हिशेबाचा तक्ता : पाळीचे चोवीस तास गेले कुठे?

मागच्या आठवड्यात आपण तारखा पाहिल्या. आज तास-मिनिटं. ‘किती वाजले’ आणि ‘किती वेळ लागला’ हे दोन वेगळे प्रश्न, पण तक्त्यात दोन्हींची उत्तरं सारखीच दिसतात. घोळ होतो तो इथेच.

जुन्नर तालुक्यात मीना नदीच्या काठी चौघा भावांची सामाईक विहीर आहे. मोटर एक, पाण्याच्या पाळ्या चार. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतपंपाचं बिल सरकार भरतं, पण मोटर जळली, पाइप फुटला, स्टार्टर गेला, तर तो खर्च घरचाच. म्हणून ठरलं की, ज्याच्या पाळीत मोटर जितके तास चालेल त्याने तासाला वीस रुपये देखभालीसाठी काढायचे. धाकटी सून एक्सेलमध्ये नोंद ठेवते. थोरल्यांच्या पाच पाळ्या अशा : ६:३०, ७:१५, ५:४५, ८:०० आणि ६:४५. खाली बेरीज आली १०:१५. थोरले म्हणाले, “अगं, एका बुधवारीच आठ तास कांद्याला पाणी चाललं होतं. पाच पाळ्यांचे मिळून दहा कसे होतील?”

बेरीज बरोबरच होती. एक्सेलच्या लेखी अख्खा दिवस म्हणजे १. तास हा त्याचा चोविसावा हिस्सा, म्हणजे ०.०४१६६७. आपल्या पणजोबांना यात नवल वाटलं नसतं. अहोरात्राच्या साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे तासाच्या अडीच घटका. लग्नघरी घंगाळात सोडलेलं घटिकापात्र बुडलं की दिवसाचा साठावा भाग सरला. तेही दिवस एक धरूनच त्याचे तुकडे मोजत. थोरल्यांच्या पाच पाळ्या मिळून भरतात ३४ तास १५ मिनिटं, आणि एक्सेलच्या पोटात ती असतात १.४२७०८३. तक्त्यातल्या घराला (सेलला) नेहमीचं ‘एच:एमएम’ हे रूप दिलेलं असेल तर ते भिंतीवरच्या घड्याळासारखं वागतं. पूर्ण झालेला दिवस सोडून देतं, उरलेलं तेवढं दाखवतं. चोवीस तास आत शाबूत असतात, दिसत नाहीत इतकंच.

उपाय दोन चौकटी कंसांचा. ‘फॉरमॅट सेल्स’ उघडून ‘कस्टम’मध्ये इंग्रजी अक्षरांत [एच]:एमएम असं भरायचं. कंसातला एच चोविसाशी थांबत नाही, मोजत राहतो. लगेच ३४:१५ दिसतं. गूगल शीट्समध्ये ‘नंबर’च्या यादीत ‘ड्युरेशन’ निवडलं तरी भागतं.

पैशाचा गुणाकार करताना मात्र जपायला हवं. ३४:१५ ला सरळ वीसने गुणलं तर येतात २८ रुपये ५४ पैसे, कारण गुणलं जातं ते आतल्या १.४२७०८३ ला. आधी चोविसाने गुणून तास करायचे, मग दर लावायचा, आणि त्या घराला साध्या आकड्याचं रूप द्यायचं. तेव्हा ६८५ रुपये येतात.

रात्रीच्या पाळीचं दुखणं आणखी वेगळं. बिबट्याच्या धास्तीने दोघं-दोघं बॅटऱ्या घेऊन रानात जातात, मोटर चालू होते २२:०० ला, बंद होते पहाटे ५:३० ला. वजाबाकी उणे येते आणि एक्सेल घरभर नुसत्या जाळीच्या खुणा काढतो. ‘मॉड’ या फंक्शनमध्ये बंद वेळ वजा चालू वेळ लिहून भाजक १ दिला की साडेसात तास नीट मिळतात.

मला सगळ्यात घातक वाटतं ते आपलं टिंब. साडेसहा आपण ६.३० लिहितो, हात तसाच वळलेला असतो. वरच्याच पाच पाळ्या टिंबाने लिहून पाहा, बेरीज येते ३३.३५. चाळीस मिनिटं गेली, कारण हातचा साठाऐवजी शंभरावर धरला गेला. १०:१५ पाहून थोरल्यांनी हटकलं तरी, ३३.३५ वर कुणालाच शंका आली नसती.

आंबेगाव तालुक्यातल्या यात्रांमधल्या बैलगाडा शर्यतीच्या बारीला मात्र हेच टिंब योग्य. ‘अकरा बेचाळीस’ म्हणजे ११ सेकंद आणि ४२ शतांश. ते ११:४२ असं भरलं तर तक्ता बैलांना पावणेबारा वाजेपर्यंत घाटात पळवेल! मिनिटाच्या आतला वेळ सेकंदांचा साधा आकडा म्हणूनच ठेवावा, ११.४२. क्रमवारीही मग आपोआप बरोबर लागते.

विहिरीच्या तक्त्यात थोरल्यांच्या नावापुढे आता ३४:१५ आहे. पूर्वीच्या आकड्याप्रमाणे त्यांना २०५ रुपये द्यावे लागले असते, आता ६८५ लागतील. चूक दाखवली होती ती त्यांनीच.