रक्त दोघींचं कमी, पण आहार वेगळा

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीसारख्या गावात दोन बायकांचं हिमोग्लोबिन 8 भरलं, तर दोघींना एकच सल्ला द्यावा का? नाही. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यामुळे रक्त कशानं कमी झालं, हे आधी शोधावं लागतं.

समजा, पहिलीला लोहाची कमतरता आहे. डॉक्टर तिला लोहाच्या गोळ्या देतील आणि जेवणही सांगतील: भाकरी, डाळ, पालेभाजी आणि वर पिळलेलं लिंबू. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा मात्र नको. तो लोह नीट शोषू देत नाही.

दुसरीला सिकलसेल आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, विळ्यासारखी वाकलेली पेशी 10 ते 20 दिवसांत फुटते. नव्या पेशी सतत घडवायला फॉलिक ॲसिड जास्त लागतं. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह साचतं, म्हणून फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी रक्तवाहिन्यांत अडकून वेदना उठतात. शेतात जाताना पाणी सोबत हवंच.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झालं. त्यात 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीवर भर आहे. शेजारणीच्या गोळ्या घेऊ नका. आधी रक्त तपासा, मग डॉक्टरांना विचारून आहार ठरवा.