बंदरात अडकलेले स्वेटर

1 जानेवारी 2005 रोजी जागतिक व्यापार संघटनेच्या देशांमधली कापडाची कोटापद्धत संपली आणि युरोपात चिनी कपड्यांचा पूर आला. जूनमध्ये शांघायला युरोपीय संघाचे व्यापार आयुक्त पीटर मँडेलसन आणि चीनचे वाणिज्यमंत्री बो शिलाई यांनी तडजोड केली: दहा प्रकारच्या मालाची आयात 2007 अखेरपर्यंत वर्षाला 8 ते 12.5 टक्क्यांनीच वाढेल.

पण दुकानदारांच्या ऑर्डरी आधीच गेल्या होत्या!

ऑगस्टपर्यंत बऱ्याच मालाचा कोटा भरला. स्वेटर, पँटी, ब्रा असे कोट्यवधी नग बंदरांत अडकले. हिवाळा तोंडावर आणि माल कस्टमच्या ताब्यात. भुर्दंड पडला तो युरोपच्याच किरकोळ व्यापाऱ्यांना. वाटाघाटी करणाऱ्यांनी हे आधीच ओळखायला हवे होते.

सप्टेंबरमध्ये बीजिंगला तोडगा निघाला. अडकलेला निम्मा माल युरोपने बिनशर्त सोडला, उरलेला चीनच्या कोट्यातून वळता झाला.